म्युझियमला दिलेला गालिचा

...हसा! हसा ना, थांबलात कशाला? मी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की या गल्लीतली सगळी शिलाई मशीनं एकदम गप्प होतात, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा खडखडाट, आणि त्या खडखडाटात खुसखुस, हे काय मला कळत नाही? अहो, उभा जन्म या गल्लीत कापड विकतोय, मशीनचा आवाज कुठला आणि माणसाचा कुठला एवढं तरी समजतं मला! अख्खं हरार शहर हसतंय, तुम्हीच काय कुणाचं घोडं मारलंय? हसा! पण एक करा, शिवता शिवता ऐका, कारण तुम्हाला सांगतो, तुमच्यापर्यंत जे आलंय ते सगळं खोटं आहे. म्हणजे खरं आहे, पण ठाणाची उलटी बाजू बघितल्यासारखं आहे, सगळे धागे लोंबलेले... मी केलं काय? माप मारलं? विटका माल नवा म्हणून खपवला? कुणाची बायको पळवली? अहो, एक गालिचाच तर उतरवला!

आता त्या इमादचं बघा. म्युझियमचा साहेब. याच गल्लीत बाहीला नाक पुसत मोठा झाला, मग राजधानीत, अदिसला, शिकायला गेला आणि चष्मा लावून परत आला. हा एके दिवशी दुकानात येऊन बसला, कापड बघायला नाही, माझ्याकडे बघायला. मी कॉफी मागवली. माणूस आला की मी कॉफी मागवतोच, तो माझा स्वभाव आहे आणि धंदाही आहे. तर बापाला म्हणावं तसं आव म्हणत म्हणतो कसा, "आव मुर्शिद, खालच्या मजल्यावर हाताने लिहिलेली कुराणं मांडलीत, आपल्या शहरात बांधलेले चामड्याचे पुठ्ठे मांडलेत, आपल्या अमीरांच्या राज्यात पाडलेली नाणी मांडलीत, तलवारी मांडल्यात. वरच्या मजल्यावर आपल्याकडच्या जुन्या घरासारखी बैठकीची खोली उभी केलीय. लाल ओटे केले, भिंतीला टोपल्या लावल्या, कोनाडे केले. सगळं झालं. पण दारावर गालिचा नाही हो! गालिच्याशिवाय खोली बोडकी दिसते."

बोडकी! शब्द बघा, साधा शब्द, पण काळजात घुसला. मी म्हटलं, "मग घे की माझ्याकडून नवा, हरणं-मोरांचा आहे, धुतला तरी रंग जात नाही."

तर हा चष्मा पुसत म्हणतो, "नवा नको. तुमच्या आजोबांनी समुद्रापलीकडच्या होदेदाहून गलबतातून आणलेला, तो. तसा दुसरा शहरात नाही. आणि खाली पाटी लावू. तुमच्या नावाची."

झालं! पाटी म्हणाला आणि मी गेलो!

का गेलो सांगतो. मी शाळेची पायरी चढलो नाही. अक्षरं शिकलो ती ठाणांवरच्या शिक्क्यांवरून, वडील ठाण उलगडायचे आणि मी शिक्का वाचायचो, तीच माझी पाटी आणि तीच पेन्सिल. आता त्याच माणसाचं नाव अमीरांच्या तलवारींच्या वरच्या मजल्यावर, काचेखाली, शाळेतली पोरं रांगेने येऊन वाचणार... तुम्ही असतात तर? तुम्हीसुद्धा गालिचाच काय, दारसुद्धा काढून दिलं असतंत!

आता तुम्ही म्हणाल, आव मुर्शिद, तुम्हाला रिवाज माहीत नव्हता? होता हो! तीच तर लाज आहे! माहीत नसतं तर अडाणी म्हणून सुटलो असतो. दारावरच्या फळीवर गालिचा गुंडाळून ठेवलेला म्हणजे घरात लग्नाची मुलगी आहे, आणि गालिचा उतरला म्हणजे मुलगी दिली, हे आपल्याकडे दुधपित्या पोराला माहीत असतं. माझ्या बहिणी त्याच गालिच्याखालून सासरी गेल्या, थोरली मुलगी त्याच्याचखालून गेली, आणि आता फिरदोसासाठी तो वर होता. फिरदोसा, माझी धाकटी, शाळेत गणित शिकवते ती. सगळं माहीत होतं. पण तेव्हा डोक्यात मुलगी नव्हती, पाटी होती! बायको बहिणीच्या गावी दिरेदावाला गेलेली, फिरदोसा शाळेत. मी शिडी लावली, बिस्मिल्ला म्हटलं आणि उतरवला.

बरं, उतरवला तर उतरवला, गुपचूप न्यावा की नाही? छे! खांद्यावर घेतला आणि मोठ्या रस्त्याने निघालो, मिरवत! कोपऱ्यावरचा मिठाईवाला ओरडला, "मुबारक, आव मुर्शिद! फार चांगलं केलंत!" मी म्हटलं, "अल्लाची कृपा, बरेच दिवस मनात होतं." मशिदीच्या पायरीवरचे म्हातारे उठून उभे राहिले, हातात हात घेऊन म्हणाले, "आता मोकळे झालात." मला वाटलं, बघा, लोकांना म्युझियमची केवढी कदर! डोळ्यांत पाणी आलं माझ्या! परत येताना मिठाईवाल्याकडून परातभर हलवा घेतला आणि अख्ख्या गल्लीला वाटला. वाटला, स्वतःच्या हाताने! तुम्हीही खाल्लात, आठवतंय मला, ते निळं कापड शिवणाऱ्यांनी तर दोनदा घेतला.

संध्याकाळी फिरदोसा घरी आली. दारात थांबली. वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आता ती गणिताची बाई आहे, आरडाओरडा करत नाही, पोराचं उत्तर चुकलं की जशी बघते तशी बघते.

"अब्बा, वर काय होतं?"

मी म्हटलं, "अगं, म्युझियमला दिला! पाटी लागणार आहे!"

"आणि वाटेत सहा जणींनी माझे गाल ओढले, त्यांना काय सांगू?"

अहो, एक गालिचाच तर उतरवला! पण तेव्हा माझं जे झालं ना... तुम्हाला सांगतो, मोठं ठाण कापताना कात्री वाकडी गेली की जसं होतं तसं. कापड गेलं, आता कात्रीला शिव्या घालून काय उपयोग?

कारण मला हे माहीत नव्हतं, आणि बायकांना माहीत होतं, बायकांना नेहमी माहीत असतं, की फिरदोसाचं सोनाराच्या तौफिकशी मन जुळलेलं होतं, दोघांच्या आयांनी वळणावळणाने बोलून घेतलं होतं, आणि त्या गुरुवारी तौफिकची आई मागणी घालायला यायची होती. आय सालिहा! तुम्ही ओळखता तिला. तिच्यासमोर फेरीवालासुद्धा हळू ओरडतो. आता कोण बघतं हो दारावर, हल्लीची पोरं म्हणतात. आय सालिहा बघते!

गुरुवारी आली. दोन जावा बरोबर, हातात साखर आणि कॉफीच्या बियांची पुरचुंडी, नवी ओढणी. मी आत बसलेलो, बायको परत आलेली आणि माझ्याशी बोलत नव्हती, फिरदोसा आतल्या खोलीत. उंबऱ्यावर आय सालिहा थांबली, मान वर केली, आणि बघत राहिली... किती वेळ बघावं माणसाने! मी ओरडतोय, "या, या, बसा, वर काय बघता, खाली बघा, ओटा पुसलाय!"

तर ती जावांना म्हणते, अगदी गोड आवाजात, "उशीर झाला गं आपल्याला." आणि मला, "नाही हो आव मुर्शिद, सहज चाललो होतो. मुबारक असो." आणि ती पुरचुंडी? परत नेणं अशुभ म्हणून शेजारच्या दारात देऊन गेली! शेजारीण अजून आमच्या साखरेचा चहा पिते आणि मला हाका मारून बोलावते!

बायकोचं बोलणं तेव्हा सुरू झालं. झैतूनाबाई एकदा सुरू झाल्या की तुमची सगळी मशीनं एकीकडे आणि ती एकीकडे. "कापड विकून विकून तुमचं डोकं ठाणासारखं झालंय, गुंडाळलेलं! गिऱ्हाइकाच्या खिशातली गोष्ट बाहेरून ओळखता आणि घरातली पोरगी दिसली नाही?" मी म्हटलं, थांब, मी व्यापारी माणूस आहे, माल गेला तर माल भरायचा, त्यात काय! दुकानातून तो हरणं-मोरांचा नवा गालिचा आणला, शिडी लावली आणि फळीवर ठेवला. मिटलं!

मिटलं कुठलं? सकाळी दारात बायका. काळ्या ओढण्या, उतरलेले चेहरे. "कळलं आम्हाला. कोणी मोडलं हो? त्यांनी की तुम्ही?" एकीने तर माझ्यासमोर डोळे पुसले आणि फिरदोसाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "पोरी, तुझा काय दोष?" कळलं का? गालिचा उतरला म्हणजे ठरलं, आणि परत चढला म्हणजे मोडलं! मी घाबरून पुन्हा शिडी लावली, हरणं-मोर खाली काढले, तर दुपारपर्यंत मिठाईवाला ओरडतोय, "मुबारक! या वेळी कुठे दिली?" अहो, एका आठवड्याच्या आत माझ्या मुलीचं दोनदा ठरलं आणि एकदा मोडलं, आणि ती बिचारी शाळेत फळ्यावर अपूर्णांक लिहितेय!

आणि मी केलं काय? एक गालिचाच तर... जाऊ द्या.

गेलो इमादकडे. म्हटलं, "बाबा, चूक झाली, गालिचा दे." तो मला वर घेऊन गेला. खोली म्हणाल तर अप्रतिम, खोटं नाही बोलणार, ओट्यांचा लाल रंग, टोपल्यांची रांग, आणि दारावरच्या फळीवर माझा गालिचा असा ऐटीत बसलेला, जणू घरचाच. खाली पाटी. मी वाकून वाचली. काय लिहिलं होतं? "दारावरचा गालिचा. एका स्थानिक कुटुंबाकडून भेट."

एका. स्थानिक. कुटुंबाकडून!

मी म्हटलं, "अरे, नाव?" तर म्हणतो, "काका, समितीचं म्हणणं पडलं, देणारे पुष्कळ, एकाचं नाव घातलं की बाकीचे रुसतात." बघा, जिच्यासाठी मुलीचं लग्न पणाला लावलं त्या पाटीवर माझा पत्ता नाही, आणि नाव नसतानाही शहरातला प्रत्येक माणूस ओळखतो की गालिचा मुर्शिदचा! "परत दे मग." "नोंद झाली काका. बाहेर काढायचा तर समिती बसवावी लागेल." "कधी बसेल?" "उठलेली नाही अजून, मागच्याच विषयावर बसलीय." आणि वर म्हणतो, "मलाही त्रास आहेच. कालच एक आजी येऊन विचारत होत्या, इथली मुलगी कितवी शिकलीय?"

घरी येऊन हात टेकले. फिरदोसा माझ्याशी बोलत नव्हती असं नाही, बोलायची, पण कसं, "जेवण झाकून ठेवलंय." "दिवा मालवा." हिशेबापुरतं. आणि तुम्हाला सांगतो, माणसाला शिव्या परवडतात, हिशेबापुरतं बोलणं परवडत नाही. तौफिक दुकानासमोरून जायचा तेव्हा मान खाली. मीही मान खाली. दोघंही आपापल्या चपला बघत पुढे जायचो. गिऱ्हाईक कापड बघून किंमत विचारायच्या आधी म्हणायचं, "तुमच्याकडे ठरलं की मोडलं, नक्की काय?" लाज म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. लाज म्हणजे तुमची चूक सगळ्यांना माहीत असते, आणि तरी प्रत्येकाला ती तुमच्याच तोंडून ऐकायची असते!

शेवटी तोड काढली ती झैतूनाने. बायकांच्या मंडळात, लग्नाला-मयताला एकत्र जमतात ना त्या, तिथे ती आय सालिहाच्या शेजारी जाऊन बसली. आय सालिहाचं एकच टुमणं, "पोरगी गुणाची आहे, माझा पोरगा झुरतोय, सगळं खरं. पण रिकाम्या दारात मी तोंड उघडणार नाही. माझ्या सासूने उघडलं नाही, मी उघडणार नाही." झैतूना म्हणाली, "रिकाम्या नको ना? मग गालिचा आहे त्या दारात या." "कुठे?" "म्युझियममध्ये."

मी ऐकून खालीच बसलो. म्युझियममध्ये? मागणी? तर बायको म्हणते, "अहो, घर म्हणजे काय? ओटे आहेत, टोपल्या आहेत, गालिचा आहे. आपल्या घरापेक्षा जास्त घर आहे ते, आणि तिथे गळतही नाही."

ठरलं. रविवार. सगळे नटून निघालो. दारात पहारेकरी म्हणतो, तिकीट. मी म्हटलं, "अरे, वरचा गालिचा माझा आहे!" तो म्हणतो, "असेल, पण तुम्ही कुठे गालिचा आहात?" सगळ्यांची तिकिटं काढली, सोयरिकीची दोन्हीकडची! चपला काढून वर गेलो. घरच्या कर्त्याचा ओटा असतो ना, दारासमोरचा, तिथे मी बसणार, तर दोरी बांधलेली आणि पाटी, "बसू नये." इमादने दोरी सोडली, इकडे तिकडे बघितलं, म्हणाला, "लवकर आटपा, काका." खाली कुराणं आहेत म्हणून कॉफी आणायला मनाई. कॉफीशिवाय मागणी! माझ्या हातांना काय करावं सुचेना. फिरदोसा आणि झैतूना आतल्या लहान खोलीच्या दारात. आय सालिहा उंबऱ्यावर आली, मान वर केली, गालिचा बघितला, मान हलवली, आणि आत येऊन बसली. अशी बसली की वाटलं, या खोलीत तिची जागा रिकामीच ठेवली होती.

आणि तेवढ्यात जिन्यावर धाडधाड, परदेशी पाहुण्यांचा घोळका! गळ्यात कॅमेरे, पुढे वाटाड्या. इमाद पांढराफटक. काय करतो? घसा खाकरून मोठ्याने सांगायला लागला, "आणि इथे आपण बघतो आहोत, पूर्वी मागणी कशी घातली जायची..." पूर्वी! माझ्या मुलीचं आत्ताचं चाललंय आणि म्हणे पूर्वी! सगळे कडेला उभे राहिले. एक बाई माझ्या पायातले मोजे न्याहाळत होती.

आता रिवाज काय? तिकडच्यांनी मागायचं. मुलीच्या बापाने म्हणायचं, "विचार करतो." त्यांनी पुन्हा मागायचं. त्याने पुन्हा म्हणायचं, "विचार करतो." मग तिसऱ्यांदा, जड मनाने, द्यायची. मला पाठ होतं. घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. पण तुम्हाला सांगतो, ते कॅमेरे, ती दोरी, तो पहारेकरी जिन्यातून डोकावतोय, हात रिकामे, आणि मनात एकच भीती, पुन्हा तशीच परत गेली तर? आय सालिहाने ओढणी सावरली, तोंड उघडलं, श्वास घेतला, आणि मी ओरडलो,

"दिली!"

खाली रस्त्यावरच्या गाढवानेसुद्धा ऐकलं असेल.

आय सालिहा म्हणाली, "आव मुर्शिद, मी अजून मागितली नाही."

आणि मग ती हसायला लागली. ती आय सालिहा! ओढणी तोंडात कोंबून, खांदे हलतायत, जावा एकमेकींवर पडतायत, झैतूना भिंतीला टेकून खाली बसली, परदेश्यांना काय कळलं अल्ला जाणे, पण टाळ्या! मी त्या कर्त्याच्या ओट्यावर, कान लाल, ओट्यापेक्षा लाल. आणि फिरदोसा... तोंडावर दोन्ही हात घेऊन उभी होती. मला वाटलं, रडते. हात काढले तर हसत होती, आणि डोळेही भरलेले, म्हणाली, "अब्बा, निदान एकदा तरी नाही म्हणायचं होतंत."

हे लागलं हो. हे मात्र लागलं. बाकी सगळं जग हसलं त्याचं काही नाही. पण बापाला आयुष्यात दोनदा म्हणायची मुभा असते, की माझी मुलगी मी एवढ्यात देणार नाही. दोनदाच. तीसुद्धा मी घाईत घालवली. आणि खरं सांगू? माझ्या मनात दोनदाच काय, वीसदा म्हणायचं होतं.

असो. लग्न झालं, थाटात झालं, तुम्हीच तर कपडे शिवलेत. पोरगी सुखात आहे, तौफिक आता माझ्यासमोर मान वर करून चालतो. तुम्हाला वाटलं, संपलं? मलाही वाटलं होतं. पण त्या परदेश्यांनी जाऊन कुणाला सांगितलं, कुणी कुणाला दाखवलं, पुढच्या रविवारी लोक येऊन इमादला विचारायला लागले, ते मागणीचं कधी असतं? इमाद दुकानात आला. कॉफी मागवली. म्हणतो, "काका, दर रविवारी जमेल का?" मी काही बोलायच्या आत आय सालिहाचा होकार आला होता, नव्या ओढणीसकट! मी म्हटलं, ठीक आहे, येतो, पण या वेळी सगळं रिवाजाप्रमाणे, दोनदा 'विचार करतो', मग जड मनाने. दोन आठवडे घोकलं. तर इमाद चष्मा पुसत म्हणतो, "नको काका. लोक त्या 'दिली'साठीच येतात."

तेव्हा चला, दुकानाकडे जरा लक्ष ठेवा. मुलगी कधीच तिच्या घरी गेली, आणि मी आपला दर रविवारी तिकीट काढून तिला पुन्हा घाईघाईने देऊन येतो!